वेगळी चूल मांडणारे लोक: इटालियन स्पोर्ट्स कार आणि शर्यतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, अल्फा रोमिओ ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे विचारलं की गोंधळ सुरू होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा इतिहास जितका इंजिनांचा, तितकाच भाऊबंदकीचा आहे. कुणीतरी कुणाशी तरी भांडतो, बाहेर पडतो, वेगळी चूल मांडतो, आणि काही वर्षांनी त्या चुलीवरून एक नवी गाडी उतरते. खालची बरीचशी उत्तरं याच वळणावर जातात, त्याला माझा इलाज नाही.

सगळ्या भारी गाड्या मोदेना शहराच्या आसपासच कशा काय बनतात?

सगळ्या नाही. फियाट १८९९ मध्ये तोरिनोत सुरू झाली, अल्फा १९१० मध्ये मिलानोत. पण स्पोर्ट्स कार म्हटलं की आज नकाशावर बोट ठेवावं लागतं ते एमिलिया प्रांतावर. फेरारी मारानेल्लोला, मासेराती मोदेनात, लॅम्बोर्गिनी सान्त आगाता बोलोन्येसे या गावात, पगानी सान चेझारिओला, दुकाती मोटरसायकल बोलोन्याला, आणि शर्यतीच्या गाड्यांचे सांगाडे बनवणारी दल्लारा पार्मा जिल्ह्यात. रोमन काळातल्या व्हिया एमिलिया रस्त्याच्या आजूबाजूला, दोन-अडीच तासांच्या पट्ट्यात हे सगळं बसतं.

हा शेतीचा मुलूख. नांगर, मळणीयंत्रं, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे लोहार, ओतकाम करणारे कारखाने, लेथवर हात बसलेले कारागीर गावोगाव होते. एखादा सुटा भाग तुटला तर तो मागवायचा नाही, इथेच बनवायचा, ही सवय. रेसिंग कारला नेमकं हेच लागतं, कारण तिचे भाग बाजारात मिळतच नाहीत.

फेरारी आधी अल्फा रोमिओची होती, हे खरं का?

उलटं आहे. एन्झो फेरारी अल्फाचा माणूस होता.

एन्झोचा जन्म मोदेनातला, १८९८ चा. १९१६ मध्ये वडील आणि भाऊ दोघंही गेले. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात खेचरांना नाल ठोकत होता. युद्धानंतर तोरिनोला फियाटच्या दारात नोकरी मागायला गेला, तिथे नकार मिळाला. हिवाळ्यात व्हालेन्तिनो बागेतल्या बाकावर बसून आपण रडलो, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं आहे. १९४७ मध्ये त्याच बागेतल्या शर्यतीत त्याची गाडी जिंकली, तेव्हा तो पुन्हा जाऊन त्याच बाकावर बसला. माणूस किती वर्षं मनात धरून ठेवणारा होता, ते यावरून कळावं.

१९२० पासून तो अल्फासाठी गाडी चालवू लागला. ड्रायव्हर म्हणून बरा होता, असामान्य नव्हता. त्याची खरी हुशारी माणसं जमवण्यात होती. फियाटचा अभियंता व्हित्तोरिओ यानो याला अल्फात आणण्यात त्याचाच हात. यानोच्या पी२ गाडीने अल्फाला १९२५ चं पहिलं जागतिक उत्पादक विजेतेपद मिळवून दिलं. १९२९ मध्ये एन्झोने मोदेनात ‘स्कुदेरिया फेरारी’ काढली. स्कुदेरिया म्हणजे घोड्यांची पागा. या पागेत सुरुवातीला गाड्या अल्फाच्याच होत्या. १९३३ मध्ये अल्फा सरकारी झाली आणि शर्यतींचा भार पागेवर आला. १९३५ ला न्यूर्बुर्गरिंगवर ताझिओ नुवोलारीने जुन्या अल्फा पी३ मध्ये मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या ताकदवान गाड्यांना त्यांच्याच घरात हरवलं, ती गाडीही पागेतलीच.

मग अल्फाने शर्यती परत आपल्या हातात घ्यायचं ठरवलं. खटके उडाले आणि १९३९ मध्ये एन्झो बाहेर पडला. अट अशी की, चार वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचं नाही. मारानेल्लोच्या कारखान्यातून फेरारी नावाची पहिली गाडी, १२५ एस, बाहेर पडली ती १९४७ च्या मार्चमध्ये. मे महिन्यात पियाचेन्झाला पहिल्या शर्यतीत ती आघाडीवर असताना इंधन पंपाने दगा दिला. दोनच आठवड्यांनी रोममध्ये जिंकली.

१९५१ ला सिल्व्हरस्टोनवर फेरारीने पहिल्यांदा फॉर्म्युला वनच्या जागतिक विजेतेपदाची शर्यत जिंकली, तीही अल्फाला हरवून. तेव्हा ‘मी माझ्या आईला मारलं’ अशी भावना एन्झोने व्यक्त केली होती. त्यात थोडं नाटक असेलही. पण हरलेल्या अल्फाचा मूळ आराखडा १९३० च्या दशकात त्याच्याच मोदेनातल्या कार्यशाळेत आकाराला आला होता, हे विसरू नका.

फेरारीच्या चिन्हातला तो उधळलेला घोडा कुठून आला?

फ्रान्चेस्को बाराक्का हा पहिल्या महायुद्धातला इटलीचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक, ३४ विमानं पाडणारा. त्याच्या विमानावर हा घोडा असे. १९१८ मध्ये तो मारला गेला. १९२३ ला राव्हेन्नाजवळची शर्यत जिंकल्यावर एन्झोची बाराक्काच्या आईवडिलांशी ओळख झाली, आणि हे चिन्ह गाडीवर लाव, नशीब उजळेल, असं त्याच्या आईने सुचवलं. मागचा पिवळा रंग मोदेना शहराचा.

प्रत्यक्षात घोडा गाडीवर दिसला तो १९३२ मध्ये, आणि गाडी अर्थातच अल्फा होती.

इटालियन गाड्या लालच का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय शर्यतींत देशागणिक रंग ठरले. फ्रान्सला निळा, ब्रिटनला हिरवा, जर्मनीला पांढरा (पुढे चंदेरी) आणि इटलीला लाल. त्यामुळे लाल हा फेरारीचा रंग नाही. अल्फा, मासेराती, सगळ्यांच्याच रेसिंग गाड्या लाल असत.

फेरारीने हा रंग एकदा रागाने उतरवलाही आहे. १९६४ मध्ये २५० एलएम या गाडीला मान्यता मिळवण्यात इटलीचा मोटर महासंघ आपल्या पाठीशी उभा राहिला नाही, म्हणून एन्झो रुसला. मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यतींत, अमेरिकेत आणि मेक्सिकोत, त्याच्या गाड्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरल्या. जॉन सर्टीजने फेरारीचं त्या वर्षीचं जगज्जेतेपद मिळवलं ते या रंगात.

मिल्ले मिल्या म्हणजे नक्की काय? एवढं कौतुक कशासाठी?

शब्दशः ‘हजार मैल’. ब्रेशा शहरातून निघायचं, रोमला वळसा घालायचा आणि परत ब्रेशा. सुमारे १६०० किलोमीटर, सगळे साधे रस्ते: गावं, घाट, पूल, रेल्वे फाटकं. १९२७ ते १९५७ या काळात ती २४ वेळा झाली.

जन्म पुन्हा रुसव्यातूनच. पहिली इटालियन ग्रां प्री १९२१ मध्ये ब्रेशाजवळ झाली होती. पुढच्याच वर्षी मिलानोवाल्यांनी मोन्झाला ११० दिवसांत नवं सर्किट उभं केलं आणि शर्यत तिकडे नेली. ब्रेशाच्या चौघांना, माज्जी, माझ्झोत्ती, कास्तान्येतो आणि कानेस्त्रिनी यांना, हे जिव्हारी लागलं. सर्किट नाही तर नाही, अख्खा देशच सर्किट करू, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या वर्षी पहिले तीनही क्रमांक ब्रेशाच्याच ओएम कंपनीच्या गाड्यांनी पटकावले. विजेत्यांना २१ तासांहून थोडा अधिक वेळ लागला, सरासरी ताशी ७७ किलोमीटर. आज हसू येईल, पण तेव्हाचे बरेचसे रस्ते कच्चे होते.

१९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेन्किन्सन यांनी मर्सिडीजमधून हेच अंतर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापलं. सरासरी ताशी १५७ किलोमीटरच्या वर. जेन्किन्सनने आधी रस्ता पालथा घालून वळणांच्या खुणा कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहून घेतल्या होत्या. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तो हातवाऱ्यांनी पुढचं वळण सांगायचा. त्यांच्या गाडीवरचा ७२२ आकडा म्हणजे सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघालेली गाडी. लहान गाड्या आदल्या रात्रीच सुटत.

मला मात्र विचाराल तर सगळ्यांत मोठी धाव १९४८ ची, आणि ती हरलेली. नुवोलारी तेव्हा ५५ वर्षांचा, फुप्फुसांनी पोखरलेला, दोन मुलगे गमावलेला. एन्झोने त्याला गाडी दिली आणि तो सगळ्यांच्या पुढे निघाला. वाटेत मडगार्ड गेलं, बॉनेट उडालं, सीट निखळली, तरी आघाडी वाढतच होती. अखेर रेज्जो एमिलियाजवळ स्प्रिंगच्या आधारानेच मान टाकली आणि त्याला थांबावं लागलं. जिंकला क्लेमेन्ते बियोन्देत्ती. बियोन्देत्तीने ही शर्यत एकूण चार वेळा जिंकली, इतर कुणालाच ते जमलं नाही. तरीही लोक गोष्ट सांगतात ती नुवोलारीची. बिचारा बियोन्देत्ती.

ती बंद का झाली?

१२ मे १९५७. अल्फोन्सो दे पोर्तागो याच्या फेरारीचा टायर ग्विदिझ्झोलोजवळच्या सरळ रस्त्यावर फुटला. गाडी गर्दीत घुसली. दे पोर्तागो, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार झाले, त्यांतली पाच मुलं होती. सरकारने शर्यत बंद केली. अशा वेगासाठी ते टायर योग्य नव्हते, या मुद्द्यावर एन्झोवर मनुष्यवधाचा खटला चालला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला.

दीड वर्षाच्या आत फेरारीचे कास्तेल्लोत्ती, दे पोर्तागो, मुस्सो आणि कॉलिन्स असे चार ड्रायव्हर गेले. व्हॅटिकनच्या दैनिकाने एन्झोची तुलना स्वतःचीच मुलं गिळणाऱ्या सॅटर्न देवाशी केली. त्या काळाकडे केवळ ‘सुवर्णयुग’ म्हणून पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे. रस्त्याच्या कडेला, गवताच्या पेंढ्यांमागे, बापाच्या खांद्यावर बसून पोरं पाहायची. सुरक्षा म्हणजे तेवढीच.

तार्गा फ्लोरिओ त्याहून जुनी ना?

हो, १९०६ पासूनची, सिसिलीतली. व्हिन्चेन्झो फ्लोरिओ या श्रीमंत घराण्यातल्या गृहस्थाने सुरू केलेली. मादोनिए डोंगरातला ७२ किलोमीटरचा एक फेरा, शेकडो वळणं. पालेर्मोचा शाळामास्तर निनो व्हाक्कारेल्ला ती तीन वेळा जिंकला. आठवडाभर शाळा, मग फेरारी किंवा अल्फा. त्याचं नाव डोंगरातल्या भिंतीभिंतींवर रंगवलेलं असे. ही शर्यत १९७७ ला थांबली.

मासेराती ही फेरारीचीच दुसरी कंपनी आहे का?

नाही, आणि मोदेनात असं कुणाच्या तोंडावर म्हणू नका. मासेराती भावांनी १९१४ मध्ये बोलोन्यात कार्यशाळा काढली, फेरारीच्या कितीतरी आधी. गाडीवरचा त्रिशूळ त्याच शहराच्या चौकातल्या नेपच्यून कारंज्यावरून घेतलेला. तो काढणारा मारिओ हा भावांमधला एकटा चित्रकार. १९३७ मध्ये भावांनी कंपनी उद्योगपती आदोल्फो ओर्सीला विकली. ओर्सीने ती मोदेनाला हलवली. भाऊ करारानुसार दहा वर्षं नोकरीत राहिले, आणि करार संपताच १९४७ ला बोलोन्याकडे परतून त्यांनी ‘ओस्का’ नावाने नवी चूल मांडली. १९५४ ला सेब्रिंगची १२ तासांची शर्यत त्यांच्या चिमुकल्या ओस्काने मोठ्या गाड्यांना मागे टाकून जिंकली.

मासेरातीचा कळस म्हणजे २५० एफ. १९५७ च्या जर्मन ग्रां प्रीत ४६ वर्षांच्या हुआन मानुएल फान्जिओने टायर आणि इंधनासाठी थांबून वेळ घालवला, आणि मग लॅपमागून लॅप विक्रम मोडत दोन्ही फेरारींना गाठलं. या विजयाने त्याचं पाचवं आणि शेवटचं जगज्जेतेपद पक्कं झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस पैशाअभावी मासेरातीने कारखान्याचा संघ बंद केला.

या सगळ्यात बायका कुठेच नव्हत्या का?

होत्या. मारिया तेरेसा दे फिलिप्पिस १९५८ मध्ये याच मासेराती २५० एफ मधून फॉर्म्युला वनमध्ये उतरली, तसं करणारी जगातली पहिली स्त्री. १९७५ ला लेल्ला लोम्बार्दी स्पेनच्या शर्यतीत सहावी आली. शर्यत अर्ध्यात थांबवल्याने तिला अर्धाच गुण मिळाला. जागतिक विजेतेपदाच्या शर्यतींत गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव स्त्री.

लॅम्बोर्गिनी खरोखर क्लचच्या भांडणातून जन्माला आली?

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी स्वतः तसं सांगायचा. युद्धानंतर लष्करी भंगारातून ट्रॅक्टर बनवून तो श्रीमंत झाला होता. त्याच्या फेरारीचा क्लच सारखा बिघडायचा. तक्रार घेऊन गेला तर एन्झो म्हणे, तू ट्रॅक्टर चालव, गाडी तुला काय कळणार. किस्सा फर्मास आहे, पण अर्धाच खरा मानावा. फेरुच्चो पक्का व्यापारी होता आणि महागड्या गाड्यांत नफा आहे हे त्याने हेरलं असणारच.

यापेक्षा मला दुसरं भांडण जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६१ मध्ये फेरारीतले अनेक बडे लोक एकदम बाहेर पडले. एन्झोची पत्नी लाउरा कारखान्याच्या कारभारात लक्ष घालते, हे एक कारण सांगतात. त्यांत होता जोत्तो बिझ्झारिनी हा अभियंता. त्याने १९६३ मध्ये लॅम्बोर्गिनीसाठी व्ही-१२ इंजिन आखलं, आणि त्याच इंजिनाच्या वाढवलेल्या आवृत्त्या २०१० पर्यंत चालल्या. म्हणजे लॅम्बोर्गिनीचं काळीज फेरारीतून रागावून निघालेल्या माणसाने घडवलं.

१९६६ ची मिउरा आली ती इंजिन ड्रायव्हरच्या मागे आडवं ठेवून, आणि रस्त्यावरच्या सुपरकारचा साचाच बदलला. रेखाटन बेर्तोने या डिझाइन कंपनीतल्या मार्चेल्लो गान्दिनीचं, वय जेमतेम सत्तावीस. पुढची काउन्टाश हीही त्याचीच. लॅम्बोर्गिनीच्या बऱ्याच गाड्यांसारखं ते नाव बैलाचं नाही. पिएमोन्ते भागातल्या बोलीत आश्चर्याने तोंडून निघणारा तो उद्गार आहे, आपल्या ‘अबब’च्या जवळचा. फेरुच्चो शर्यतींत मात्र उतरला नाही. त्याच्या मते ते पैसे जाळायचं काम होतं.

बुगाटी इटालियन की फ्रेंच?

एत्तोरे बुगाटी मिलानोचा, कारखाना आल्सासमधल्या मोल्सहाइमला. गाड्या निळ्या. फ्रेंचच म्हणा. १९९० च्या सुमारास मोदेनाजवळ कंपनी पुन्हा उभी करायचा एक प्रयत्न झाला, ईबी ११० नावाची गाडी निघाली, आणि दिवाळं वाजलं.

फेरारी २५० जीटीओची किंमत एवढी का?

१९६२ ते १९६४ मध्ये फक्त ३६ बनल्या. नावातला ‘ओ’ म्हणजे ओमोलोगातो, शर्यतीसाठी मान्यताप्राप्त. नियमाप्रमाणे १०० गाड्या हव्या होत्या. ही जुन्याच २५० जीटीची नुसती बदललेली बॉडी आहे, असं एन्झोने पटवून दिलं. पुढे २५० एलएमच्या वेळी हीच युक्ती चालली नाही, आणि तिथूनच वर सांगितलेला निळ्या रंगाचा रुसवा. २०१८ च्या लिलावात एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. गाडीही अशी की रस्त्याने चालवत शर्यतीला न्यावी, जिंकावी आणि चालवत परत यावी.

या गाड्यांचं आणि आपल्या मुंबईचं काही नातं?

दोन आहेत, आणि दोन्ही पक्की.

पहिलं पद्मिनीचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचं घराणं मागे जातं १९३७ च्या फियाट ५०८ सी पर्यंत. आता आठवा, १९३९ मध्ये एन्झोला स्वतःचं नाव वापरायची बंदी होती. त्याने ‘८१५’ नावाची गाडी बनवली, १९४० च्या मिल्ले मिल्यासाठी. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात त्याने याच ५०८ सी ची दोन सिलिंडर हेड्स एकापुढे एक बसवली होती. म्हणजे एन्झोची पहिली गाडी आणि दादर स्टेशनबाहेर पूर्वी उभी असायची ती पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी लांबच्या चुलत बहिणी लागतात. आमच्या घरी पद्मिनी होती, स्टिअरिंगला गिअर असलेली. तिच्यात वेगाचा कसलाच अंश मला कधी जाणवला नाही, पण रक्ताचं नातं ते नातं.

दुसरं पिनिनफारिना या डिझाइन कंपनीचं. १९५१ मध्ये एन्झो आणि बात्तिस्ता ‘पिनिन’ फारिना यांना एकत्र काम करायचं होतं, पण एकजण तोरिनोला जाईना, दुसरा मोदेनाला येईना. शेवटी मधल्या तोर्तोना गावच्या खाणावळीत भेटले. तिथून पुढे कित्येक दशकं फेरारीच्या बहुतेक गाड्या पिनिनफारिनानेच रेखाटल्या. तीच पिनिनफारिना २०१५ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या करारानुसार महिंद्रा समूहाकडे आली. बात्तिस्ताच्या वंशजांचा कारभार आता मुंबईच्या खिशात.

सचिनची फेरारी तिसरं नातं म्हणता येईल. २००२ ला मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळालेली ३६० मोदेना. पण तिच्या आयात शुल्कावर तेव्हा इतकं बोलून झालं आहे की पुरे.

फोर्डने फेरारीला कायमचं हरवलं ना?

कायमचं नाही. १९६३ मध्ये फोर्ड फेरारी विकत घेणार होती. रेसिंग संघाचा शब्द कुणाचा चालणार यावर बोलणी फिसकटली. ल माँ या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत १९६० ते १९६५ सलग सहा वर्षं जिंकणाऱ्या फेरारीला १९६६ मध्ये फोर्डने पहिले तीनही क्रमांक घेऊन धडा दिला. पण १९६७ च्या सुरुवातीला फेरारीने फोर्डच्याच देशात, डेटोनाला, तिन्ही क्रमांक परत मिळवले. १९६९ मध्ये एन्झोने अर्धी कंपनी विकली ती फियाटला, बाकावर रडवणाऱ्या त्याच फियाटला. ल माँत मुख्य गटात फेरारी अधिकृतपणे परतली ५० वर्षांनी, २०२३ मध्ये, आणि पहिल्याच फटक्यात जिंकली. २०२४ आणि २०२५ लाही.

एवढं असून इटालियन जगज्जेते किती?

फॉर्म्युला वनमध्ये दोनच. १९५० चा पहिलावहिला विजेता निनो फारिना, अल्फातून, आणि १९५२ व १९५३ चा अल्बेर्तो आस्कारी, फेरारीतून. त्यानंतर २०२५ च्या मोसमापर्यंत एकही नाही.

आस्कारी अतिशय शकुन-अपशकुन मानणारा. २२ मे १९५५ ला मोनाकोत त्याची गाडी थेट बंदरात पडली, तो पोहून बाहेर आला. चारच दिवसांनी मोन्झाला सहज म्हणून दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याचं हेल्मेट घालून दोन-चार फेऱ्या मारायला बसला आणि गेला. वडील अंतोनिओ १९२५ मध्ये शर्यतीतच गेले होते. दोघांचंही वय ३६, तारीखही २६.

मग मोन्झाला लोक ओरडतात कुणासाठी?

गाडीसाठी. चाहत्यांना म्हणतात तिफोझी, आणि तो शब्द तिफो, म्हणजे टायफस तापावरून आलेला. ताप किती, ते १९८३ ला इमोलात दिसलं. रिक्कार्दो पात्रेसे हा इटलीचा पोरगा ब्रॅबमच्या गाडीतून आघाडीवर होता. शेवटच्या काही फेऱ्यांत तो धडकला आणि फेरारीतला फ्रेंच पात्रिक तांबे पुढे गेला. स्टँडमधून जल्लोष उसळला. आपलाच माणूस बाहेर पडला म्हणून लोक नाचले.

हे सगळं पाहायला जायचं तर कुठे?

मोदेनात एन्झोचं जन्मघर आणि त्याला लागून संग्रहालय, तिथून सुमारे १८ किलोमीटरवर मारानेल्लो. अल्फासाठी मिलानोजवळचं आरेझे, ते मला फेरारीपेक्षा सरस वाटतं. तोरिनोत राष्ट्रीय मोटर संग्रहालय. आणि तिकिटाशिवाय पाहायचं असेल तर अलीकडे जूनमध्ये भरणारी आताची मिल्ले मिल्या. ती १९७७ पासून जुन्या गाड्यांची, वेगाची नव्हे तर वेळेच्या अचूकतेची स्पर्धा म्हणून होते. १९५७ पर्यंतच्या शर्यतीत धावलेल्या मॉडेलच्याच गाड्या तिच्यात घेतात. वाटेतल्या कुठल्याही गावच्या चौकात सकाळी जाऊन कॉफी मागवा आणि बाहेरची खुर्ची धरून बसा. खुर्ची सोडू नका, गर्दी होते.